खोडकर कुत्र्याचं धमाल चित्रपुस्तक सुचवा (वय साडेचार, वाचून दाखवणारे आजोबा)

घोडबंदरची_आई
मुलाला सध्या कुत्र्यांनी झपाटलंय. आमच्या सोसायटीत एक लॅब्रडॉर आहे, तो संधी मिळाली की कुणाची तरी चप्पल पळवतो आणि वॉचमनकाका त्याच्यामागे पळतात. हा गॅलरीत उभा राहून पोट धरून हसतो. त्याला पुस्तकही तसंच हवंय.
मी आणली ती सगळी बोधकथा निघाली. शेवटच्या पानावर कुत्रा शहाणा होतो, आईचं ऐकायला लागतो, आणि लेक तिथेच उठून जातो. मला तसलं नकोय. खळखळून हसता येईल असं हवंय.
अडचण अशी की दुपारी तो माझ्या सासऱ्यांजवळ असतो. गोष्टी ते फार रंगवून सांगतात, पण इंग्रजी वाचत वाचत मराठीत सांगणं त्यांना जड जातं. त्यामुळे मराठी पुस्तक असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर मजकूर अगदी कमी असलेलं सुचवा.

चित्रवेडी
डोळे झाकून ‘ओह नो, जॉर्ज!’ घ्या. ख्रिस हॉटन या आयरिश चित्रकाराचं आहे, २०१२ सालचं. मालक हॅरिस बाहेर जाताना विचारतो, शहाण्यासारखा वागशील ना? जॉर्जला मनापासून तसं वागायचंय. पण केक दिसतो. मग मांजर दिसते. मग कुंडीतली माती. प्रत्येक वेळी पुस्तक थांबतं आणि विचारतं, आता जॉर्ज काय करणार? पान उलटायच्या आधी पोरं ओरडून उत्तर देतात, खरी मजा तिथेच आहे.
तुम्हाला बोध नको म्हणून मुद्दाम सांगते. जॉर्जला वाईट वाटतं, पुढे फिरायला गेल्यावर तो मोह आवरूनही दाखवतो. पण अगदी शेवटी कचऱ्याचा डबा समोर येतो आणि पुस्तक तिथेच संपतं. त्याने काय केलं हे लेखक सांगत नाही. आमच्याकडे यावर रोज वाद होतो आणि रोज वेगळा निकाल लागतो.
वाक्यं इतकी छोटी आहेत की तुम्ही एकदा मराठी मजकूर चिठ्ठ्यांवर लिहून पानांवर चिकटवलात की आजोबांचं काम झालं.

वडाची_पारंबी
आजोबांसाठी ‘गुड डॉग, कार्ल’. अलेक्झांड्रा डे, १९८५. सुरुवातीला आणि शेवटी आईच्या तोंडी एखाददोन वाक्यं आहेत, मधे फक्त चित्रं. आई बाळाला रॉटवायलर कार्लच्या भरवशावर सोडून बाहेर जाते. मग दोघं घरभर उच्छाद मांडतात, फ्रिज उघडून खातात, माशांच्या टाकीपर्यंत मजल जाते. आई यायच्या आत कार्ल बाळाला आंघोळ घालून, सगळं आवरून, काही झालंच नाही अशा थाटात बसतो. भाषेचा प्रश्नच येत नाही. माझ्या वडिलांनी त्या कार्लचं नाव खंडू ठेवलं होतं आणि दरवेळी गोष्ट थोडी लांबायची.

दोन_पोरांचा_बाबा
कार्ल सुंदरच आहे, पण साडेचार वर्षांच्या मुलाला देताना सोबत दोन गोष्टी बोला, अशी कळकळीची विनंती. त्यात बाळ एवढ्या मोठ्या कुत्र्याच्या पाठीवर बसतं. खाली खराखुरा लॅब्रडॉर आहे, रस्त्यावरचे कुत्रेही आहेत. खात असलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मालकाला विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही, पाठीवर तर कधीच बसायचं नाही. पुस्तक मिटल्यावर एका मिनिटात सांगून होतं.

चित्रवेडी
@दोन_पोरांचा_बाबा, पटलं. फक्त गोष्ट चालू असताना मधे थांबून सांगू नका. हसणाऱ्या मुलाला अर्ध्यात सूचना दिली की पुस्तक तिथेच मरतं. लहान मुलाला दिवसभर ‘हे करू नको, ते धरू नको’ ऐकायला लागतं. पुस्तकातला कुत्रा त्याच्या वाटचं सगळं करून बघतो, एवढं सुख त्याला निर्वेध मिळू दे.

नेरूळकर
‘हॅरी द डर्टी डॉग’ राहिलं की! गोष्ट जीन झायनची, चित्रं मार्गारेट ब्लॉय ग्रॅहमची, १९५६ पासून मुलं वाचतायत. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या हॅरीला आंघोळ नको असते, म्हणून तो घासायचा ब्रशच परसात पुरतो आणि गावभर लोळून येतो. परतेपर्यंत काळा कुत्रा, पांढरे ठिपके! घरचे ओळखतच नाहीत. बिचारा सगळ्या करामती करून दाखवतो, आणि शेवटी काय करतो ते मी लिहीत नाही, लेकाला कळू दे. आंघोळीला पळणाऱ्या मुलासाठी याच्याइतकं जवळचं पुस्तक दुसरं नाही. मजकूर जॉर्जपेक्षा जास्त आहे, तेव्हा हे रात्री तुम्ही वाचा.
‘हेअरी मॅक्लेअरी’ मात्र तूर्त राहू द्या. न्यूझीलंडच्या लिन्ली डॉड यांचं आहे, उत्तम आहे, पण सगळी गंमत इंग्रजी यमकांत. आजोबांना त्याचा उपयोग नाही.
माझ्याकडचा हॅरी आता कुणी वाचत नाही. ठाण्याला जाणं होतंच, ट्रान्सहार्बर लोकलने येताना स्टेशनवर देईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घोडबंदरची_आई
केवढी मदत! जॉर्ज मागवते आहे आणि नेरूळकर, व्यनि केलाय. कार्लबद्दल सासऱ्यांना सांगितलं, ते आत्तापासून नाव शोधतायत. आणखी एक, भाची आठ वर्षांची आहे, ती सुट्टीत येते तेव्हा तिला ही पुस्तकं बाळबोध वाटतील. तिच्यासाठी काही?

वडाची_पारंबी
भाची इंग्रजी वाचत असेल तर मार्क टीग यांचं ‘डिअर मिसेस लारू’, २००२. खोड्यांपायी आइक नावाच्या कुत्र्याची रवानगी शिस्तीच्या शाळेत होते आणि तिथून तो मालकिणीला रडकी पत्रं लिहितो, जणू तुरुंगात डांबलंय. चित्रं नीट बघायला सांगा. तो म्हणतो ते सगळं काळ्यापांढऱ्यात आणि खरं काय चाललंय ते रंगीत, त्यात साहेब मजेत असतात. लिहिणारा खोटं बोलतोय हे वाचणाऱ्याने चित्रावरून पकडायचं, आठव्या वर्षी हे फार आवडतं.

कौपिनेश्वर_परिसर
मराठीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे, विनामूल्य. भाषा मराठी निवडा, शोधात ‘कुत्रा’ टाका, पातळी १ किंवा २ ठेवा. गोष्टी उतरवून छापता येतात. आजोबांसाठी मोठ्या आकारात छापा, मोबाईलवर दाखवू नका, पान उलटायची उत्सुकता पडद्यावर राहत नाही. दर्जा सारखा नाही, आधी स्वतः वाचून मग निवडा.
आणि आजोबांना नातवासोबत स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एकदा जाऊन येऊ द्या. १८९३ची संस्था आहे. पुस्तक नातवाला स्वतः निवडू द्या, कुत्र्याऐवजी माकड उचललं तरी चालेल. घोडबंदरहून बसने जाणार असाल तर शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, माजिवड्याला अडकाल.