शेवटी चालणारा सायकलस्वार

नवशिक्या सायकलस्वारांनी आधी एकट्याने सराव करावा आणि दम वाढल्यावरच गटात यावे, असे काही जण सुचवतात; माझा अनुभव मात्र नेमका उलट आहे. शालेय दिवसांनंतर प्रथमच, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी सायकल घेऊन ठाण्यातल्या एका गटाबरोबर उपवन तलावाकडून येऊरच्या चढाला लागलो आणि भर चढावर गिअर बदलण्याच्या घाईत माझी साखळी उतरली. पुढचे पुढे गेले. पण सर्वांत मागे एक अनुभवी गडी ठेवायचाच, हा त्या गटाचा नियम असल्यामुळे मी एकटा पडलो नाही. त्या गृहस्थांनी साखळी स्वतः बसवून दिली नाही. मागचा गिअर हाताने पुढे ढकलून साखळी सैल कशी करायची आणि दात्यांवर अडकवून पेडल हळू कसे फिरवायचे, हे त्यांनी शेजारी उकिडवे बसून माझ्याकडूनच करवून घेतले. शिवाय माझी सीट फारच खाली असल्याचे त्यांच्या लक्षात आले (पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण सगळेच ती खाली ठेवतो). टाच खालच्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा इतकी ती वर घेतल्यावर गुडघ्यांची कुरकुर थांबली. खाली टपरीवर पोहोचलो, तेव्हा माझ्यासाठी कटिंग सांगून ठेवलेला होता आणि काळे हात पुसायला कोणीतरी वर्तमानपत्राचा तुकडा पुढे केला. सगळेच गट असे नसतात, हे मान्य. म्हणून नाव देण्यापूर्वी मागे कोण थांबणार, एवढे अवश्य विचारावे.