मदत हवी आहे : खरं बोलायचं व्रत घेतलंय, दुकानात अडकतोय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात चप्पल लाइनीत आमचं छोटं दुकान आहे. पाडव्याला अंबाबाईसमोर हात जोडून ठरवलं, वर्षभर खोटं बोलायचं नाही. रात्री वहीत दिवसभराच्या थापा लिहितो. पहिल्याच दिवशी अकरा निघाल्या!

खरा घोळ असा. गिऱ्हाईक पायताण हातात घेऊन, कातड्याचा वास घेऊन विचारतं, "कोल्हापुरातच केलंय न्हवं?" माल असतो अथणीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या जीआय (भौगोलिक) मानांकनात तो जिल्हाही आहे, म्हणजे 'अस्सल कोल्हापुरी' म्हटलं तर खोटं नाही. पण त्यानं विचारलंय गाव, आणि मी मानांकनाआड लपतोय. परवा सरळ "अथणीचं" म्हणालो. बाईंनी जोड खाली ठेवला. वडील गल्ल्यावरून नुसते बघत राहिले.

घरी दुसरंच. आईला हल्ली नीट दिसत नाही, भाकरीच्या कडा करपतात. "कशी झालीय रे?" म्हणाली, मी खरं सांगितलं. ती त्या रात्री जेवलीच नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात (श्लोक १५) वाणीचं तप सांगितलंय : उद्वेग न देणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं बोलणं. चारही एकदम कसं जमवायचं? योगसूत्रांत यमांमध्ये, म्हणजे संयमाच्या पाच व्रतांमध्ये, अहिंसा आधी, सत्य नंतर. मग भाकरीपुरतं गप्प बसलो तर व्रत मोडतं का? आणि गिऱ्हाईकानं विचारलंच नाही, तर गाव आपणहून सांगायचं का?

ज्यांनी हे खरंच पाळलंय, त्यांनी अनुभव सांगा. धंदेवाले असाल तर आधी तुम्ही.