पेंड वाढवण्याआधी पाणी बघा
दादा, तुम्ही म्हणताय उन्हाळा लागल्यापासून एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी दुधाळ जात) गायीचं दूध घटलं, आणि सगळे पेंड बदला, मिनरल मिक्श्चर (खनिज मिश्रण) द्या सांगतायत, पण सकाळ-संध्याकाळ दोनदाच पाणी दाखवता हे तुम्हीच लिहिलंय की! दुधात ८७ टक्के पाणीच असतं, ते कुठून येणार? दुभती एचएफ ऐन उन्हाळ्यात दिवसाला ८०-१०० लिटर पाणी सहज पिते, त्यात कडबा चालू असेल तर अजून जास्त, कारण वाळल्या चाऱ्यात ओल नसतेच जवळजवळ. धार काढल्या काढल्या गायीला खूप तहान असते, तेव्हा समोर पाणी पाहिजेच. जमलं तर मुक्त गोठा करा, म्हणजे गाय न बांधता मोकळी ठेवा, नाहीतर निदान दावणीलाच पाणी २४ तास राहील असं बघा.

आणि हौद सावलीत घ्या. उन्हात तापलेलं, शेवाळ धरलेलं पाणी गाय नुसतं हुंगते अन् तोंड फिरवते, आपल्याला वाटतं तहान नाही. हौद रिकामा करून घासायचा, आतून चुना मारायचा, शेवाळ लवकर धरत नाही. पाणी कमी पडतंय का ओळखायला शेण कडक गोळ्यासारखं पडतंय का, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते का तेही बघा, सावकाश बसत असेल तर डॉक्टरला बोलवा.