सुट्टीत मागं राहणारा मुलगा चपात्या लपवतो, काय करावं?

मावशी, सातारा:
इथल्या एका बालगृहात मी काळजीवाहक आहे. नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, आई-वडील दोघंही नाहीत. एरवी गुणी. पण दिवाळीची सुट्टी लागली, की ज्यांची आई किंवा आजी आहे ती पोरं गावाला जातात आणि हा राहतो. यंदा सगळ्यांनी मिळून केलेला किल्ला त्यानं लाथाडला. अंथरूण रोज ओलं. परवा उशीच्या अभ्र्याला मुंग्या लागल्या म्हणून बघितलं, तर आत वाळलेल्या चपात्या. पोटभर जेवतो हो! साहेब म्हणतात शिस्त लावा. मला पटत नाही.

कुपवाडचा लेथवाला:
मावशी, मी सांगलीत बालगृहातच वाढलो. चपाती भुकेपोटी नसते. आज ताटात आहे, उद्याचा भरवसा नाही, एवढंच डोक्यात असतं. त्याला झाकणाचा एक डबा द्या, त्यावर त्याचं नाव, रात्री आत बिस्किटं. तो डबा कुणी उघडायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. माझी पत्र्याची पेटी होती, किल्ली करदोट्याला.
चादर सगळ्यांदेखत धुवायला लावू नका. आणि केक कापून फोटो काढणाऱ्यांना सांगा, येणार नसाल तर ‘परत येतो’ म्हणू नका. पोरं गेटवर वाट बघतात.
अनाथ प्रमाणपत्राचं आत्ताच बघा. शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना असलेलं १ टक्का आरक्षण त्यावरच मिळतं. अठराव्या वर्षी बाहेर पडल्यावर मी त्या कागदांसाठी लई हेलपाटे घातलेत.

समुपदेशक, मिरज:
आधी लघवी तपासून घ्या, कधी कधी साधा संसर्ग निघतो. मामा, आत्या कुणी असेल तर बाल कल्याण समितीकडून (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) चौकशी करवा. सरकारच्या बालसंगोपन योजनेत मूल घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांना महिना २२५० रुपये मिळतात.

कराडकर:
आम्ही त्याला दिवाळीत चार दिवस घरी नेलं तर?

कुपवाडचा लेथवाला:
समितीच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. आणि मिळाली तरी, पुढच्या दिवाळीला नेणार का? नसाल तर नका नेऊ. मला एकदा नेलं होतं.

मावशी, सातारा:
डबा उद्याच आणते. साहेबांना काय सांगायचं ते बघते.