चर्चा: झेनिथ सीएच ७५०, स्टोल की क्रूझर? आणि स्वतः बांधावं की बांधलेलं घ्यावं?

ओहायोवाला (धागाकर्ता)
अमेरिकेत किटमधून बांधायचं हलकं, दोन आसनी, कामाचं विमान म्हटलं की झेनिथ सीएच ७५० चं नाव निघतंच. आराखडा ख्रिस हाइन्ट्झ यांचा, कारखाना मेक्सिकोत. (हे मेक्सिको म्हणजे मिसूरी राज्यातलं गाव, देश नव्हे.) सगळं विमान अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, पंख डोक्यावर.

याचे दोन प्रकार: अगदी आखूड जागेत उडणारं-उतरणारं स्टोल आणि जास्त वेगाचं क्रूझर. माझं मत स्पष्ट सांगतो. स्टोल घेणाऱ्या बहुतेकांना खरं तर क्रूझर हवं असतं. कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे स्टोल १०० फुटांत जमीन सोडतं, क्रूझरला ३५० लागतात. पण तुमच्या विमानतळाची धावपट्टी ३,००० फुटांची असेल तर या फरकाचं करायचं काय? उलट वेगात स्टोल ताशी १०० मैलांवर अडतं आणि क्रूझर ११८ गाठतं. समोरून ताशी २० मैलांचा वारा असला, तर १५० मैलांना स्टोलला १ तास ५२ मिनिटं लागतात, क्रूझरला १ तास ३२. शिवाय स्टोलच्या पंखाच्या पुढच्या कडेचे ते कायमचे स्लॅट, म्हणजे कमी वेगात उचल देणाऱ्या पण हवेला अडवणाऱ्या पट्ट्या! इंजिन बंद पडलं की वेग झपाट्याने गळतो, नाक तत्काळ खाली घातलं नाही तर जमिनीजवळ तोल सावरायला काही उरत नाही.

गवताची_पट्टी
धावपट्टीच्या लांबीवर सगळा हिशोब मांडू नका. इंजिन बंद पडेल तेव्हा खाली विमानतळ नसेल, मक्याचं शेत असेल. स्टोल ताशी ३५ मैलांना स्टॉल होतं, म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंख विमान पेलत नाही; क्रूझर ३९ ला. चारच मैलांचा फरक वाटतो, पण आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे क्रूझर जवळपास २४ टक्के जास्त ऊर्जा घेऊन टेकतं. नाक लगेच खाली घालायचं हे सरावाने अंगात भिनतं. शेताची लांबी सरावाने वाढत नाही.

स्लॅट काढून तिथे व्होर्टेक्स जनरेटर, म्हणजे हवेला घुसळणारे छोटे उभे तुकडे, चिकटवणारेही आहेत. वेग थोडा वाढतो हे खरं, पण मग ते विमान आराखड्यातलं राहत नाही. स्टॉलचे आकडे पुन्हा मोजल्याशिवाय कारखान्याचे आकडे वापरू नयेत.

पत्राकाम
तुम्ही दोघं वेगावरून भांडताय. मला वजनाची काळजी जास्त वाटते. कारखाना स्टोलचं रिकामं वजन ७७५ पौंड सांगतो, कमाल १,४४०. टाक्या भरल्या की २४ गॅलन, म्हणजे १४४ पौंड. उरले ५२१. पण जाड रंग, उपकरणांचे दोन मोठे स्क्रीन, फुगीर टायर आणि गाद्या चढवून ८५० वर नेलं, तर ४४६ च उरतात. दोन धडधाकट माणसं आणि एक बॅग, संपलं.

पूर्वी स्पोर्ट पायलटला, म्हणजे हलक्या विमानांपुरता परवाना असलेल्याला, १,३२० पौंडांच्या पुढचं विमान चालत नव्हतं. २२ ऑक्टोबर २०२५ पासून ती मर्यादा गेली, आता स्टॉलचा वेग पाहतात. पण नियम सैल झाला म्हणून पंख मजबूत झाला असं नाही.

आता बांधणीबद्दल. स्वतःच बांधा. ५१ टक्क्यांच्या नियमात निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्यांनीच केलेलं असावं लागतं. आधी कारखान्यातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत सुकाणू बांधून बघा, हे काम आपल्याला आवडतं की नाही ते तिथेच कळतं. रिव्हेट ओढायचे असतात, ठोकायचे नाहीत, त्यामुळे एकट्याने जमतं. ५/३२ इंचीला २० नंबरचं ड्रिल, १/८ ला ३० नंबरचं.

चुका होतात त्या घाईत. भोक पाडल्यावर पत्रे सुटे करून बर (भोकाच्या कडेचा खरखरीत कंगोरा) काढला नाही, तर दोन पत्र्यांमध्ये किस अडकतो, रिव्हेट घट्ट बसत नाही आणि तिथून पुढे तडा जातो. भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत किमान व्यासाच्या दुप्पट अंतर हवं, म्हणजे ४ मिमीच्या रिव्हेटला ८. आणि पंखाचा वरचा पत्रा लावण्याआधी टेबल सपाट आहे का ते दोन्ही टोकांना लेव्हल ठेवून बघा. पीळ एकदा रिव्हेट झाला की निघत नाही, मग स्टॉलमध्ये दर वेळी एकच पंख खाली जातो.

बांधलेलंच_बरं
या कामाला नोकरी सांभाळून वर्षं लागतात, आणि अर्धवट किटं विकायला निघतात ती याच कारणाने. उडायचं असेल तर उडतं विमान घ्या.

पत्राकाम
आणि वार्षिक तपासणीचं काय? मूळ बांधणाऱ्याला त्याच विमानापुरता रिपेअरमन दाखला मिळतो, सही तो करतो. विमान विकलं तरी दाखला त्याच्याकडेच राहतो. बांधलेलं घेतलंत तर तुम्हाला दर वर्षी ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेला) मेकॅनिक लागेल, आणि अनोळखी हातच्या विमानावर सही करायला प्रत्येक जण तयार नसतो.

बांधलेलंच_बरं
मान्य, पण तपासणी सोडून बाकी देखभाल मालक स्वतः करू शकतो. घेताना बांधणीची वही आणि फोटो मागा. नसतील तर परत फिरा. विमान स्वतः तराजूवर चढवून घ्या, कागदावरच्या वजनावर विसंबू नका. झेनिथचंच खालच्या पंखाचं ६०१ एक्सएल बघत असाल, तर हवेत पंख तुटण्याच्या अपघातांनंतर आलेला मजबुतीचा संच बसवलाय याचा पुरावा हवाच. २००९ मध्ये अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने ही विमानं जमिनीवर ठेवा असं विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या एफएएला सांगितलं होतं.

गवताची_पट्टी
इंजिनाचं राहिलं. रोटॅक्स ९१२ यूएलएस हलकं, अमेरिकेतल्या पंपावरचं ९१ ऑक्टेन पेट्रोल चालतं. विमानांसाठीचं शिशाचं पेट्रोल, १००एलएल, सतत जाळलं तर दर २५ तासांनी तेल बदला, आणि रबरी नळ्या दर ५ वर्षांनी, तास कितीही झालेले असोत. कॉन्टिनेन्टल ओ-२०० जड आहे, नाक जड करतं, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याची खोडही आहे. पण गिअरबॉक्स नाही आणि ते उघडू शकणारा मेकॅनिक कुठेही सापडतो.

ओहायोवाला
इंजिन कोणतंही घ्या, पहिल्या उड्डाणाआधी इंधनाचा प्रवाह मोजा. शेपूट खाली, नाक चढणीच्या कोनापेक्षा थोडं वर, टाकीत अगदी थोडं पेट्रोल, आणि कार्ब्युरेटरजवळ सोडवलेली नळी बादलीत. पंप असेल तर पूर्ण शक्तीला लागणाऱ्याच्या १२५ टक्के, नुसत्या उतारावर असेल तर १५० टक्के. रोटॅक्स तासाला साधारण ७ गॅलन पितं, म्हणजे पंपाने ९ तरी यायला हवेत. त्याआधी टाक्या दोनदा धुवा. ड्रिलचा किस फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि इंजिन नेमकं पहिल्या चढणीत खोकतं.

स्टोलबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. २४ टक्क्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण ज्याचं प्रत्येक उड्डाण डांबरावरून डांबरावर आहे, त्याने ते १८ मैल सोडू नयेत.