मदत हवी आहे : होटामध्ये माझा हिरो एका रात्रीत लंगडा कसा झाला?

हाडांची_मोळी
मंडळी, हिरोज ३ या कॉम्प्युटर गेमवर होटा, म्हणजे हॉर्न ऑफ द अबिस हे चाहत्यांनी केलेलं मॉड, टाकून खेळतोय. मूळ खेळ १९९९चा. त्याची पुरवणी शॅडो ऑफ डेथ कॉलेजात असताना सीडी झिजेपर्यंत खेळलोय, त्यामुळे नियम पाठ आहेत अशी घमेंड होती. ती दिवाळीत मावसभावाने उतरवली. एकाच लॅपटॉपवर हॉटसीट. मी नेक्रोपोलिस, म्हणजे मुडद्यांचं शहर, तो कोव्ह, म्हणजे होटाने आणलेलं चाच्यांचं शहर.

भानगड अशी. तिसऱ्या आठवड्यात माझा हिरो थांट गावातून फक्त ६ व्हॅम्पायर लॉर्ड घेऊन निघाला. त्या दिवशी गवतातून सरळ १९ घरं (नकाशावरचे चौकोन) चालला. मोजली, कारण खाण नेमकी एका घराने हुकली. दुसऱ्या दिवशी तेच गवत, तीच सरळ रेघ, आणि साहेब १५ घरांवर ठप्प! लॉजिस्टिक्स, म्हणजे चाल वाढवणारं कौशल्य, आधीही नव्हतं, नंतरही नाही. बूट वगैरे काही घातलेले नव्हते, काढलेले नव्हते. वाटेत दलदल लागली तर विचारूच नका, ८ घरांत दिवस संपतो. भाऊ मात्र त्याच दलदलीतून डांबरी रस्ता असल्यासारखा जातो.

हा मॉडचा बग आहे की माझं काही चुकतंय? शनिवारी तोच डाव पुढे खेळायचाय.

टिनपाट_जादूगार
काढून परत टाक. आणि मूळ खेळ कुठला आहे? २०१५ची एचडी एडिशन असेल तर तिच्यावर होटा चालतच नाही. शॅडो ऑफ डेथ किंवा कम्प्लीट आवृत्ती लागते.

हाडांची_मोळी
कम्प्लीट आहे. आणि चालत नसतं तर मी हरत कसा असतो, राव.

चिखलवाट
काढून टाकायच्या आधी एक सांग. ज्या दिवशी १९ घरं चाललास त्या दिवशी संध्याकाळी सैन्यात कोण कोण होतं? सकाळी नाही, संध्याकाळी.

हाडांची_मोळी
थांबा, सेव्ह उघडून बघतो.
६ व्हॅम्पायर लॉर्ड, ११ वॉकिंग डेड (वाटेत आपणहून सामील झाले, फुकट होते म्हणून घेतले) आणि ६ स्केलिटन. ते स्केलिटन ४० नॉल मारून मिळाले. हेही विचारायचंच होतं, ४० मुडद्यांमागे सहाच सांगाडे? नेक्रोमन्सी, म्हणजे मुडद्यांतून सांगाडे उठवायचं कौशल्य, एक्स्पर्ट आहे माझी!

चिखलवाट
मग बग नाही. तुला ते ११ फुकटे महागात पडले.

हिरोला दिवसाचे चालायचे गुण सकाळी मिळतात, आणि ते सैन्यातल्या सगळ्यात हळू प्राण्याच्या वेगावर ठरतात. वेग ३ असेल तर १५००, ४ ला १५६०, ५ ला १६३०, ६ ला १७००, असं चढत वेग ११ ला २०००. त्याच्या वर काही नाही, अगदी घोस्ट ड्रॅगन घेऊन फिरलास तरी. गवताचं एक सरळ घर १०० खातं, तिरकं १४१.

व्हॅम्पायर लॉर्डचा वेग ९, म्हणजे १९००. ती तुझी १९ घरं. वॉकिंग डेडचा वेग ३, म्हणजे १५००. ती १५. दुपारी सामील झाले तेव्हा तुला काही जाणवलं नाही, कारण त्या दिवसाचे गुण सकाळीच वाटून झाले होते. दुसऱ्या दिवशी बिल आलं.

सांगाड्यांचं म्हणशील तर शॅडो ऑफ डेथमध्ये नेक्रोमन्सी तीन पायऱ्यांना १०, २०, ३० टक्के होती. होटाने ती ५, १०, १५ वर आणली. ४० चे १५ टक्के सहाच होतात. लॉजिस्टिक्सचंही तसंच, १०, २०, ३० होतं ते आता ५, १०, २०. जुने पाठांतर विसरा.

पेशवाई_लिच
नेक्रोमन्सी कापली ते उत्तम केलं. पूर्वी दुसऱ्या महिन्यात हजारभर सांगाडे घेऊन जो तो फिरायचा, समोरच्याने काय खेळायचं? (मीही त्यातलाच होतो, कबूल.)

हाडांची_मोळी
चिखलवाट, तुमचं गणित पटलं, पण खरं निघालं नाही! १९ घरांवालाच सेव्ह उघडला, संध्याकाळी अकराच्या अकरा वॉकिंग डेड काढून टाकले, दिवस संपवला. सकाळी मोजली. परत १५.

चिखलवाट
हाहा. स्केलिटन ठेवलेस ना? त्यांचा वेग ४. १५६० मिळाले, १५ घरांना १५०० गेले, उरलेल्या ६० मध्ये गवताचं घर बसत नाही. खरा फायदा झाला, पण तुला दिसला नाही. दगडी फरसबंदी रस्त्यावर असतास तर दिसला असता, तिथे एक घर ५० लाच पडतं.

नेक्रोपोलिसची खरी गोची हीच आहे. प्रत्येक लढाईनंतर सैन्यात गोगलगाय आपोआप शिरते.

पेशवाई_लिच
यावर एक जुनी युक्ती आहे. स्केलिटन गावात नेऊन स्केलिटन वॉरियर कर. मग सैन्यात साधा स्केलिटन एकही नको आणि सातही खण भरलेले हवेत. असं असेल तर लढाईनंतर साध्यांऐवजी थेट वॉरियरच उठतात, फक्त दोन तृतीयांश. म्हणजे तुझ्या नॉलांमागे ६ ऐवजी ४. वॉरियरचा वेग ५.
तुझ्याकडे ६ लॉर्ड आहेत, एकेक करून सहा खणांत टाक, सातव्यात वॉरियर. बरोब्बर सात.

टिनपाट_जादूगार
म्हणजे १५ चं १६ व्हावं म्हणून सांगाड्यांचा तिसरा हिस्सा सोडायचा? हे तर रिक्षाचे दहा रुपये वाचवायला पन्नासची चप्पल झिजवणं झालं.

पेशवाई_लिच
नुसतं घरांचं बघू नका. स्केलिटन हल्ला ५, बचाव ४. वॉरियर ६ आणि ६. जीव दोघांचा ६च. अपग्रेडचे पैसे वाचतात ते वेगळेच. पण हो, एकेकटे लॉर्ड लढाईत मरू शकतात, आणि एक जरी मेला तरी खण रिकामा होतो आणि तिथे साधे सांगाडे येऊन बसतात. म्हणून ही युक्ती सोप्या लढाईतच करायची.

चिखलवाट
मला विचाराल तर टिनपाटांशी सहमत. खरी मजा दुसऱ्या हिरोत आहे. टॅव्हर्नमध्ये २५०० सोन्याला हिरो मिळतो. संध्याकाळी थांट त्याच्या शेजारी नेऊन उभा कर आणि सगळे सांगाडे त्याच्याकडे दे. सकाळी थांटकडे फक्त लॉर्ड, म्हणून १९०० मिळतात. मग सांगाडे परत घे आणि निघ. गुण वाटून झालेले असतात, आता कितीही हळू प्राणी घेतले तरी ते कमी होत नाहीत. त्या दुसऱ्या हिरोकडे एक प्राणी मात्र राहू दे, पूर्ण रिकाम्या हाताने हिरो उभा राहत नाही.

हाडांची_मोळी
पण मग दुसरा हिरो रात्रभर सांगाडे सांभाळणार, म्हणजे सकाळी त्याचेच पाय जड. तो थांटच्या मागे पोचणार कसा?

चिखलवाट
नाही पोचणार. बरोबर पकडलंस. म्हणून हे रोज करायचं काम नाही, जिथे एका घराने खाण किंवा शहर हुकतंय त्या रात्रीसाठी आहे.

रोजचं हवं असेल तर साखळी लाव. तीन हिरो एकेक दिवसाच्या अंतरावर उभे करायचे. पहिला सैन्य घेऊन दुसऱ्याकडे पोचतो, दुसरा तेच सैन्य घेऊन तिसऱ्याकडे, तिसरा पुढे. एकाच दिवसात सैन्य तीन दिवसांची वाट कापतं. हॉटसीटमध्ये समोरचा चहा करायला गेला असेल तर परत येऊन तुझं सैन्य कुठे आहे हे बघून त्याला घाम फुटतो. प्रत्येक हिरोचे २५०० जातात हे खरं, पण पहिल्या दोन आठवड्यांत शहर वाढवण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे असं माझं मत.

हाडांची_मोळी
आणि ती दलदल?

चिखलवाट
दलदलीचं एक घर १७५ खातं. तुझ्या १५०० मध्ये आठच बसतात. पण सैन्यातला प्रत्येक प्राणी त्या जमिनीचा असेल तर दंड माफ. कोव्हची जमीन दलदल. म्हणून भावाला तेच घर १०० ला पडतं, तेवढ्याच गुणांत तो १५ घरं जातो. शिवाय तिथे लढाई झाली तर त्याच्या प्राण्यांना हल्ला, बचाव आणि वेग प्रत्येकी १ जास्त.

हाडांची_मोळी
मग नेक्रोपोलिसची जमीन कुठली?

पेशवाई_लिच
माती. आणि मातीला मुळात दंडच नाही, १०० च. चालण्यापुरता आपल्याला त्याचा शून्य उपयोग. मालकांनी आपल्याला अंगण दिलं, तेही सगळ्यांना फुकट असलेलं.

चिखलवाट
त्याला दलदलीबाहेर काढ. किंवा तो एखादा परका प्राणी सैन्यात घेतो का बघ, एक जरी घेतला तरी त्यालाही १७५. फुकट सामील होणारे तुलाच फसवतात असं नाही.

हाडांची_मोळी
काल रात्री करून बघितलं. टॅव्हर्नमध्ये नागाश मिळाला, त्याच्याकडे सांगाडे ठेवले. सकाळी थांट १९ घरं चालला आणि त्या खाणीवर झेंडा लागला. नागाश अजून तिथेच मागे, एका सांगाड्यासोबत.

भावाचं सैन्यही उघडून बघायचा मोह झाला होता, पण त्याच्या टर्नला पासवर्ड ठेवलेला नाही म्हणून उलट लाज वाटली. नाही बघितलं. वॉकिंग डेड मात्र परत कोणी सामील व्हायला आले तर नम्रपणे नकार.