विषय: स्टेजिंगचं सामान हिवाळ्यात ठेवू कुठे? गॅरेज, बेसमेंट की भाड्याचा स्टोरेज लॉकर?

प्रेषक: मीनल

नमस्कार मंडळी,

विकायला काढलेली घरं सजवून द्यायचं माझं काम बऱ्याच जणांना ठाऊक आहे. थँक्सगिव्हिंग झालं की कॅलगरीत कामं मंदावतात आणि मार्चपर्यंत अर्धंअधिक सामान माझ्या गळ्यात पडतं. यंदा सोफे, व्हिनिअरचं डायनिंग टेबल, रेक्झिनच्या खुर्च्या, गाद्या, गालिचे, मोठे आरसे, खोटी झाडं आणि उशांचा ढीग आहे. आमच्या बेसमेंटची एक खोली रिकामी आहे, पण घर गरम करणारी फर्नेस तिथेच. गॅरेज घराला जोडून आहे, गरम होत नाही. लॉकर घेता येईल, पण नुसत्या बसून राहणाऱ्या सोफ्यांचं भाडं भरायचं जिवावर येतं. उणे तीसमध्ये लाकडाचं काय होतं, कोणी अनुभवाने सांगेल का?

प्रेषक: सुहास

गॅरेज! प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं, मधे मधे डांबराच्या गोळ्या टाकायच्या, दार लावायचं, झालं. एवढ्या थंडीत कीड कसली लागतेय!

प्रेषक: अरविंद

मीनल,

सुहासचं गॅरेज मला मान्य, बाकीचं सगळं उलटं कर. आयुष्यभर लाकडात हात घातलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

थंडीने लाकूड खराब होत नाही. ते हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं, आणि हा हिशोब मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेचा आहे, म्हणजे हवेत मावेल त्यापैकी किती टक्के पाणी आहे त्याचा; तापमानाचा फारसा नाही. आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहतं. ३० टक्क्यांवर ते ६ टक्क्यांवर येतं. जानेवारीत फर्नेस सतत चालू असलेल्या घरात आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. म्हणजे व्हिनिअरला चिरा, फळ्यांत फटी, खुर्च्यांचे सांधे खिळखिळे, हे सगळं तुझ्या त्या ‘उबदार’ खोलीत होईल. गॅरेजमधली हवा आपल्याला कोरडी वाटते खरी, पण उणे वीसला हवेत पाणी मावतंच इतकं थोडं की तिची सापेक्ष आर्द्रता बरीच जास्त असते. लाकडाला ती मानवते. कोकणातून हौसेने आणलेले सागवानी पाट इथे पहिल्याच हिवाळ्यात तडकतात ते घरात, हीटरच्या झोताजवळ.

गॅरेजमध्ये सांभाळायचं ते दोन गोष्टींपासून. एक म्हणजे तुझी गाडी. तिच्यावरचं बर्फ आत वितळतं, रस्त्यावरच्या मिठाने खारट झालेल्या पाण्याचं डबकं होतं, हवा दमट होते आणि ते दव थंड आरशांवर आणि लोखंडी पायांवर जाऊन बसतं. शिवाय पेट्रोलचा वास सोफ्याच्या कापडात शिरला की निघत नाही. सामान आत तर गाडी बाहेर, दोन्ही एका ठिकाणी नकोत.

दुसरा शिनूक, म्हणजे रॉकी पर्वतावरून उतरणारा उबदार वारा. १९६२च्या जानेवारीत अल्बर्टातल्याच पिंचर क्रीक गावी तासाभरात पारा उणे १९ वरून २२ वर गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे इतकं टोक गाठत नाही, पण दिवसभरात वीस-पंचवीस अंशांची उडी काही नवलाची नाही. तो वारा स्वतः कोरडा असतो. त्रास त्याने वितळवलेल्या बर्फाचा. पाणी दाराखालून आत येतं आणि रात्री तिथेच गोठतं. म्हणून काहीही थेट काँक्रीटवर नको, सगळं लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर सोडून.

प्लास्टिक लाकडाला किंवा चामड्याला भिडवू नकोस, ओल आत कोंडते. जुनी सुती चादर आणि वर सामान हलवताना वापरतात ते जाड मूव्हिंग ब्लँकेट पुरे. मार्चमध्ये मात्र प्लास्टिक हवंच: सामान थंड असतानाच, गॅरेजमध्येच घट्ट गुंडाळायचं, मग आत आणायचं आणि पूर्ण एक दिवस उघडायचं नाही. दव प्लास्टिकवर बसतं, टेबलावर नाही. संग्रहालयांत शीतगृहातून वस्तू बाहेर काढताना हीच रीत असते.

रेक्झिनच्या खुर्च्या आणि मेमरी फोमच्या गाद्या घरात ने. गारठलेलं रेक्झिन दुमडलं की तडकतं. रंगाचे डबे आणि गोंदही घरात. पाण्यात कालवलेला भिंतीचा रंग गोठला की दुधासारखा फाटतो, मग कितीही ढवळ. खोट्या मेणबत्त्यांतले सेल काढ. आरसे उभे ठेव, सोफे उभे करू नकोस. गालिच्यांची गुंडाळी कर, घडी नको.

प्रेषक: मीनल

काका, तुमच्या मेलची प्रिंट काढून गॅरेजच्या दारावर लावते! गाडी बाहेर म्हणजे रोज सकाळी काच खरवडणं आलं, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

एक नाजूक प्रश्न. काही सोफे लोक राहत असलेल्या घरांतून परत आलेत. ढेकणांची भीती वाटते. थंडीत ते मरतात ना?

प्रेषक: प्राजक्ता

मरतात, पण शिस्तीत. उणे १८ किंवा त्याखाली सलग चार दिवस हवेत, तेही सोफ्याच्या पोटात, बाहेरच्या कापडावर नव्हे. फोम आणि कापूस थंडी आत पोचू देत नाहीत आणि मधेच शिनूक आला की मोजणी पहिल्यापासून. गॅरेजवर विसंबू नकोस. शिवणी आणि खालचं अस्तर टॉर्च लावून बघ, काळे ठिपके दिसले तर तज्ज्ञाला बोलाव.

सुहास, डांबराच्या गोळ्या नकोत रे. त्या हवाबंद डब्यातच वापरायच्या असतात, पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. गॅरेज घराला जोडलेलं आहे, ती वाफ आत जाते. आणि घर बघायला आलेल्या माणसाला दारातच आजीच्या ट्रंकेचा वास आला तर मीनलचं स्टेजिंग गेलं पाण्यात.

तुझ्या थंडीत कीड नसेल, पण उंदरांचं काय? अल्बर्टाने १९५०च्या दशकापासून घुशीसारखे मोठे उंदीर प्रांतात टिकू दिलेले नाहीत, त्याचा आपल्याला कोण अभिमान! छोटे मात्र भरपूर आहेत. सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतात आणि उशांत बाळंतपणं करतात. फटी तारेच्या घासणीने बुजवा, उशा झाकणाच्या जाड डब्यांत भरा. लेंड्या दिसल्या तर झाडू नका, व्हॅक्यूमही नको. इथल्या डिअर माऊस जातीच्या उंदरांमुळे हंटाव्हायरसचा, म्हणजे फुप्फुसांचा गंभीर, आजार होऊ शकतो, धूळ श्वासात गेली की. दार उघडून हवा खेळू द्या, हातमोजे घाला, ब्लीचचं पाणी शिंपडून भिजू द्या, मग कागदाने उचला.

प्रेषक: खजिनदार, मंडळ

मीनलताई, विम्याचं आधी बघा. घराच्या पॉलिसीत धंद्याचं सामान बऱ्याचदा धरतच नाहीत, किंवा अगदी थोड्या रकमेपर्यंत धरतात. एजंटकडून लेखी घ्या, आणि बांधण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

गणपतीचं मखर आणि पडदे ठेवायला मंडळाने लॉकर घेतलाय, त्यात निम्मी जागा मोकळी आहे. तो गरम ठेवतात, पण आर्द्रतेवर ताबा नाही, मी विचारून घेतलंय. तेव्हा काकांचं ऐकून टेबल तिथे नको. गाद्या, रेक्झिनच्या खुर्च्या आणि उशांचे डबे चालतील. समितीची हरकत नसेल तर भाडं निम्मं-निम्मं. आणि मखराचा थर्माकोल उंदरांनी कुरतडलाय का, तेही एकदा बघून घ्या.

प्रेषक: मीनल

चालेल! समितीचा होकार कळवा, पहिला मोठा बर्फ पडायच्या आत हलवते. सुहास, तुझी व्हॅन शनिवारी मोकळी आहे का? जेवण माझ्याकडे.

प्रेषक: सुहास

व्हॅन आहे. पॅलेट कुठून आणायचे ते काका सांगतील.